तात्काळ म्हणजे किती वाजता?

पावसाळा तोंडावर आला की उल्हासनगरच्या जुन्या इमारतींच्या जिन्यापाशी महापालिकेच्या नोटिसा डकवलेल्या दिसू लागतात. धोकादायक इमारतींचे वर्ग राज्यभर ठरलेले आहेत आणि त्यांची भाषाही ठरलेली आहे. सी-१ म्हणजे ‘अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य व तात्काळ निष्कासित करणे’. सी-२ए म्हणजे इमारत रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. काय करायचे ते चारही वर्गांत लिहिलेले आहे. केव्हा करायचे ते मात्र पहिल्याच वर्गात येते, तेही एका क्रियाविशेषणात.

१५ मे २०२१ रोजी कॅम्प १ मधल्या मोहिनी पॅलेस या इमारतीचा स्लॅब कोसळला. त्याला पुरते दोन आठवडे होण्याआधीच, २८ मेच्या रात्री, नेहरू चौकातील साईशक्ती इमारतीचा स्लॅब खालच्या मजल्यांवर आला आणि सात जण गेले. त्यानंतर शहरातील जुन्या इमारतींना तपासणीच्या नोटिसा निघाल्या. कुठे घरे रिकामी झाली, कुठे दारावरची नोटीस पावसात भिजून गळून पडली आणि आतला संसार होता तसाच चालू राहिला. पालिका म्हणते, आम्ही तात्काळ सांगितले होते. रहिवासी म्हणतो, तात्काळ म्हणजे जायचे कुठे? दोघांच्या तोंडी शब्द एकच असला तरी त्याचा अर्थ दोघे वेगवेगळा धरतात. तेव्हा हा शब्द कायद्यात कुठून आला आणि न्यायालयांनी त्याचा काय अर्थ लावला, हे नीट पाहायला हवे.

आपले महापालिका कायदे, फौजदारी प्रक्रिया, लिलावाचे नियम हे सारे मुळात इंग्रजीत लिहिले गेले. त्या इंग्रजीत एक जुनाट क्रियाविशेषण पानोपानी भेटते: ‘फोर्थविथ’. मध्ययुगीन इंग्रजीतला हा जोडशब्द आहे. ‘पुढे’ आणि ‘सह’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा. आज लंडनच्या बाजारात तो कोणाच्या तोंडी यायचा नाही. कायदा, लष्करी हुकूम, बडतर्फीचे पत्र एवढ्याच ठिकाणी तो जिवंत आहे. त्याच्या शेजारी दोन भावंडे नेहमी दिसतात: एक ‘इमिजिएटली’ आणि दुसरे ‘जितक्या लवकर होईल तितक्या लवकर’ असा लांबट वाक्प्रयोग. मराठीत आणताना आपण या तिघांना बहुधा तात्काळ, ताबडतोब, त्वरित, यथाशीघ्र अशा हाताला लागतील त्या शब्दांत बसवतो. (शुद्धलेखनाचा आग्रह धरणारे ‘तत्काळ’ लिहितात, सरकारी कागदाने ‘तात्काळ’ कधीच पक्का केला. त्यावर भांडण्यात अर्थ नाही.) कायदा लिहिणाऱ्यांनी मात्र हे शब्द अदलाबदलीसाठी ठेवलेले नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधला ८४ वा नियम पाहा. लिलावात ज्याची बोली मान्य झाली त्याने रकमेचा चौथा हिस्सा ‘इमिजिएटली’ भरायचा आणि न भरल्यास मालमत्ता ‘फोर्थविथ’ पुन्हा लिलावाला काढायची. बोली लावणाऱ्यासाठी एक शब्द आणि अधिकाऱ्यासाठी दुसरा, दोन्ही एकाच वाक्यात. पैसे खिशात घेऊनच बोलीला उभे राहावे लागते, म्हणून पहिल्याला सवलत नाही. फेरलिलाव पुकारायला अधिकाऱ्याला चार गोष्टी जुळवाव्या लागतात, पण त्या जुळवण्यापलीकडे त्याला थांबता येत नाही.

या शब्दाचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा मुंबईच्याच एका प्रकरणात झाला, आणि तोही संयुक्त महाराष्ट्राच्या धगीत. जानेवारी १९५६. राज्यपुनर्रचनेचा प्रश्न पेटलेला होता. १३ जानेवारीला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली काही जणांना अटकेत ठेवण्याचे आदेश काढले. १६ जानेवारीला त्यांना पकडण्यात आले. त्याच दिवशी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असे सांगितले आणि शहर रस्त्यावर उतरले. आयुक्तांनी आपल्या आदेशांचा अहवाल राज्य सरकारला पाठवला तो २१ तारखेला. सरकारने २३ तारखेला मान्यता दिली.

अटकेत असलेल्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. केशव नीळकंठ जोगळेकर विरुद्ध पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई या नावाने ते प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. कायदा सांगतो की असा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने राज्य सरकारला ‘फोर्थविथ’ कळवले पाहिजे. १३ तारखेचा आदेश २१ तारखेला कळवला तर ते ‘फोर्थविथ’ कसे? मुंबईत पोलीस आयुक्तांच्या कचेरीतून सचिवालयात कागद न्यायला आठ दिवस लागतात का?

त्याच कायद्यात दुसऱ्या एका कलमात, स्थानबद्ध माणसाला कारणे कळवण्याबाबत, ‘जितक्या लवकर होईल तितक्या लवकर’ असे शब्द होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे शब्द योजले होते, आणि न्यायालयाला त्यांतला फरक सांगणे भाग होते. न्यायमूर्ती व्यंकटराम अय्यर यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये लिहिलेल्या निकालाचा आशय असा: ‘जितक्या लवकर होईल तितक्या लवकर’ म्हणजे कामाला सोयीने जेवढा वेळ वाजवीपणे लागतो तेवढा मिळतो. ‘फोर्थविथ’मध्ये सोय मोजली जात नाही. तिथे फक्त तेवढाच वेळ माफ होतो, ज्या वेळात अधिकाऱ्याची स्वतःची काही चूक नसताना त्याला ते काम करता आलेच नाही. आदेश आणि अहवाल यांच्यामध्ये दिवस गेले असतील, तर प्रश्न दिवस किती गेले हा नाही. तो विलंब टाळता येण्याजोगा होता का, हा आहे.

ही कसोटी लावून न्यायालयाने आयुक्तांचे स्पष्टीकरण मान्य केले. शहरात दंगल आणि गोळीबार चालू होता आणि सारे पोलीसदल त्यात गुंतलेले होते, त्यामुळे त्या दिवसांत झालेला उशीर टाळता येण्यासारखा नव्हता. अर्ज फेटाळले गेले. चळवळीच्या बाजूने पाहणाऱ्याला हा निकाल कडूच लागेल. ज्या गोळीबाराविरुद्ध लोक रस्त्यावर होते, त्याच गोळीबाराची धामधूम सरकारच्या बचावाला आली. तरीही त्या निकालाने हाती दिलेले साधन सरकारच्या सोयीचे नाही. ते उलट दिशेनेही चालते. दंगल नसताना, पूर नसताना, कचेरी उघडी असताना कागद आठ दिवस टेबलावर पडून राहिला, तर याच निकालाच्या आधारे त्या उशिराचा जाब अधिकाऱ्याला विचारता येतो. हा शब्द घड्याळाकडे बोट दाखवत नाही. उशीर झालाच तर त्याचे कारण सांगण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर, एवढेच तो ठरवतो.

मराठीला ही कल्पना परकी नाही. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘पत्र देखताच’ निघण्याचे हुकूम सापडतात, आणि ‘जेवत असाल तर आचवायला इकडे या’ हा वाक्प्रचार तर घरोघरी पोचला. त्यात किती घटका, किती प्रहर याचा उल्लेख नाही. पत्र हाती पडले तो क्षण ठरला. त्यानंतरचा प्रत्येक थांबा समजावून सांगण्याची जबाबदारी पत्र मिळालेल्याची. हात खरकटा आहे हे कारणसुद्धा चालणार नाही, एवढे आधीच सांगून टाकलेले. ‘फोर्थविथ’चा यापेक्षा नेमका मराठी अनुवाद शासन व्यवहाराच्या कुठल्या कोशात सापडेल असे वाटत नाही.

पुढे मात्र या शब्दाची किंमत उतरत गेली. रेल्वेने १९९७ मध्ये ‘तत्काळ’ तिकिटांची योजना आणली आणि शब्दाला चक्क दर लागला. विठ्ठलवाडीच्या किंवा उल्हासनगरच्या आरक्षण खिडकीवर आज कोणालाही विचारा: तत्काळ म्हणजे प्रवासाच्या आदल्या दिवशी, वातानुकूलितसाठी सकाळी दहा आणि बिगर-वातानुकूलितसाठी अकरा. गंमत म्हणजे सरकारी भाषेत या शब्दाला खरोखर वेळ जोडलेली आहे ती बहुधा इथेच. बाकी कचेऱ्यांत ‘तात्काळ कार्यवाही करावी’ हा शेरा इतक्या कागदांवर पडतो की तो नसलेलाच कागद वेगळा दिसावा. शेरा मारणाऱ्याचे काम तिथे संपते, आणि खालच्याला हे ठाऊक असते.

न्यायालयांना मात्र हा शब्द अजून टाळता आलेला नाही. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा तोच प्रश्न आला. पोलिसांनी तपासात एखादी मालमत्ता जप्त केली, बँक खाते गोठवले, तर त्याची खबर दंडाधिकाऱ्याला ‘फोर्थविथ’ द्यावी असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. खबर उशिरा दिली तर जप्ती आपोआप रद्द होते का, यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी होती. शेंटो वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती नरसिंह आणि न्यायमूर्ती अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने सांगितले की जप्ती रद्द होत नाही. ‘फोर्थविथ’ म्हणजे वाजवी वेगाने, निकडीची जाणीव ठेवून आणि विनाकारण उशीर न करता. उशीर झाला तर दंडाधिकाऱ्याने स्पष्टीकरण तपासावे, आणि ते पटले नाही तर अधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाईची वाट मोकळी आहे.

उल्हासनगरसारख्या व्यापारी गावात या निकालाचे वजन कळायला कायदा शिकलेला असावा लागत नाही. फर्निचरवाला, कापडवाला, जीन्स शिवणारा, सगळ्यांचे चलन खात्यातून फिरते. अनोळखी गिऱ्हाइकाने पाठवलेली रक्कम कुठल्या तरी फसवणुकीतली निघाली आणि खाते गोठले, तर कामगारांचा पगार थांबतो. अशा माणसाला ‘वाजवी वेग’ हे शब्द थंड वाटणार, आणि आम्हालाही ते थोडे सैल वाटतात. १९५६ च्या कसोटीत ‘स्वतःची चूक नसताना’ ही जी धार होती, ती २०२४ मध्ये काहीशी बोथट झाली आहे. जप्ती टिकते आणि उशीर करणाऱ्याचा हिशेब खात्यांतर्गत होतो, म्हणजे ज्याचे खाते गोठले त्याच्या हाती काय पडले? तरीही एक गोष्ट या निकालानेही कायम ठेवली: कारण मागितले जाऊ शकते, आणि ते द्यावे लागते.

याच शब्दाचा आणखी एक हक्क बहुतेकांना माहीतही नसतो. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवली की तिची प्रत फिर्यादीला ‘फोर्थविथ’ आणि विनामूल्य द्यायची असते. जुन्या संहितेत ते कलम १५४ मध्ये होते, नव्यात कलम १७३ मध्ये आहे, आणि आता फिर्यादीबरोबर पीडित व्यक्तीचाही त्यात उल्लेख आहे. ‘उद्या या, साहेब आले की देतो’ हे उत्तर त्या शब्दात बसत नाही. साहेब नसणे हे दंगलीसारखे कारण नव्हे. छपाईयंत्र बंद पडले असेल तर ते दुरुस्त होईपर्यंतचा वेळ फार तर माफ होईल.

आता पुन्हा जिन्यापाशी चिकटवलेल्या नोटिशीकडे येऊ. उल्हासनगरचा जन्मच हुकमांतून झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची संक्रमण छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्याच बॅरेकमध्ये उतरवली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच कॅम्पांचे आकडे मात्र लष्कराच्या हिशेबातलेच राहिले. पुढे बॅरेकच्या जागी, बॅरेकच्या मधल्या मोकळ्या जागेत आणि कधी परवानगीशिवाय इमारती उभ्या राहिल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २००६ मध्ये राज्य सरकारला केवळ या एका शहरातली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तो होऊन इतकी वर्षे झाली, तरी असंख्य कुटुंबांच्या हाती घराचा निर्वेध कागद नाही. अशा कुटुंबाला ‘तात्काळ’ बाहेर पडायला सांगणे म्हणजे काय सांगणे, हे नोटीस लिहिणाऱ्याला कळायला हवे. ताबा सोडला की हक्कही गेला, ही त्यांची भीती खुळी नाही. पुनर्विकास कोण करणार, कोणत्या परवानगीने, परत किती जागा मिळणार, यातले काहीच ठरलेले नसताना ताबा एवढाच त्यांचा पुरावा असतो.

जोगळेकर प्रकरणाची कसोटी इथे दोन्ही बाजूंना लावून पाहावी. रहिवाशाने उशीर केला, तर तो टाळता येण्याजोगा होता का? संक्रमण शिबिर दिले नाही, भाड्याची सोय नाही, परत येण्याच्या हक्काचा लेखी कागद नाही; मग त्याच्या उशिरात त्याची स्वतःची चूक किती, हा प्रश्न रास्त ठरतो. म्हणून धोक्याच्या छताखाली थांबावे असे आम्ही म्हणत नाही. मोहिनी पॅलेस आणि साईशक्ती डोळ्यांसमोर असताना तसे कोणीच म्हणू नये. पण नोटीस चिकटवली की ओझे संपूर्णपणे रहिवाशाच्या खांद्यावर गेले, ही पालिकेची समजूत या शब्दाच्या अर्थाशी जुळत नाही. तात्काळ सांगणाऱ्याने त्याच घटकेला आपल्या हातात काय होते आणि त्यातले काय केले, याची नोंद ठेवायला हवी. नोटीस कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या हाती दिली. तपासणीचा अहवाल कधी आला. पर्यायी जागा दाखवली का, दाखवली असल्यास कुठे. वीज-पाणी तोडण्याआधी किती वेळ दिला. हे तपशील नोटिशीवरच आले, तर कोणाचा उशीर टाळता येण्याजोगा होता हे ठरवायला उद्या न्यायालयाला दोन बाजूंची प्रतिज्ञापत्रे चाळत बसावे लागणार नाही.

इमारत पाडायला, दुरुस्त करायला, रहिवाशांना हलवायला वेळ लागतो हे महापालिका कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. धोकादायक बांधकामाबद्दलच्या कलम २६४ मध्ये त्यांनी ‘फोर्थविथ’ हा शब्द वापरला तो मुख्यतः दुसऱ्याच कामासाठी. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी त्या इमारतीभोवती आडोसा किंवा कुंपण उभे करायला लावण्यासाठी, आणि तेही पाडकाम सुरू होण्याची वाट न पाहता. मालकाने ते केले नाही तर पालिका ते स्वतः करून खर्च वसूल करू शकते. चार बांबू, पत्रे, दोरी आणि एक फलक. त्याला ना पुनर्विकासाचा करार लागतो, ना नियमितीकरणाचे प्रमाणपत्र, ना मंत्रालयातली बैठक. शहाड स्टेशनकडून कॅम्प १ मध्ये शिरताना सी-१ची नोटीस लागलेल्या किती इमारतींखालून शाळेची पोरे आणि भाजीच्या गाड्या बिनकुंपणाच्या फुटपाथवरून जातात, हे पाहायला आयुक्तांना अर्धा तास पुरेल.